आपल्या जिल्ह्यातले दगड कोणाची आठवण सांगतात



आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं भरली. स्मरणिका काढायची ठरली तवा मंडळी म्हणाली, महाराज, दिंडीचा इतिहास तुम्ही लिहा. दिंडीचा इतिहास लिहायला जाणती माणसं आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत, ते काम त्यांनी करावं. आम्ही विषय दुसराच धरला आहे. गावाच्या वेशीवर शताब्दीचा दगड बसवायचा ठराव झालेला आहे आणि त्या दगडावर नावं कोणाची घालायची यावरून पारावर चार महिने बोलणं चाललं आहे. कोणी म्हणतो अकरा हजाराच्या वर देणगी देणाऱ्यांचीच घाला. कोणी म्हणतो ज्या घराण्यांनी दिंडी काढली त्यांचीच घाला. तर आम्ही म्हटलं, भांडण्याआधी जरा बघू तरी, आपल्या या सोलापूर जिल्ह्यात मागच्या लोकांनी दगड कशाकशाचे उभे केले, त्यावर नावं कोणाची घातली, आणि पुढं त्या दगडांचं काय झालं. शिक्षण आमचं चौथी. जुन्या वळणाची अक्षरं आम्हाला लागत नाहीत. जाणकारांनी जे वाचून ठेवलं तेच आम्ही ऐकून सांगतो. पण दगड मात्र आम्ही स्वतः हात लावून पाहिलेले आहेत.

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करू. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल म्हणून ठिकाण आहे. तिथं आपली भीमा आणि सीना या दोघी एकत्र होतात. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि त्या देवळातल्या तुळईवर मराठीतली एक ओळ कोरलेली आहे. काळ शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीच आपल्या भागात कोणीतरी मराठी कोरून ठेवलेली आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो लेख उजेडात आणला, लई मोठं काम केलं. त्या ओळीचा भाव असा की, जो हे वाचील तो विजयी होईल. आता गंमत बघा मंडळी. जो पाया पडेल तो विजयी होईल असं नाही लिहिलं. जो नारळ फोडेल तो असंही नाही. जो वाचील तो! आणि आपण काय करतो? दगड दिसला की शेंदूर लावतो, हात जोडतो आणि पुढं निघतो.

पंढरीत तर याचा मोठा दाखलाच आहे. देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून एक दगड आहे. त्याला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा आपल्या लोकांचा भाव. आमच्या आज्यानं घासली, बापानं घासली. शेकडो वर्षं लाखो वारकऱ्यांच्या पाठी त्याला लागल्या आणि त्यावरची अक्षरं झिजली. भावाला आम्ही नावं ठेवत नाही, वारकऱ्याचा भाव हेच त्याचं धन. पण त्या दगडावर होतं काय, तर माणसांची नावं होती! शके ११९५ ते ११९९ अशी पाच वर्षं, म्हणजे १२७३ ते १२७७, विठ्ठलाच्या देवळाला कोणी कोणी काय दिलं त्याची ती यादी आहे. देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं. रामदेवराव राजाचं नाव आहे, हेमाडपंताचं नाव आहे, आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणच्या भाविकांचीही नावं आहेत. राजाला त्यात पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटलेलं आहे. फड हा शब्द आपल्या तोंडात रोज असतो, आमका या फडाचा, तमका त्या फडाचा. तो साडेसातशे वर्षांपूर्वी दगडावर आहे.

काळाची संगती लावून बघा. ही यादी कोरायला लागले तवा नामदेवराय तीन वर्षांचे होते. ती पुरी व्हायच्या आत, शके ११९७ ला ज्ञानोबांचा जन्म झाला. म्हणजे आपण ज्यांना संप्रदायाचे आधार मानतो ते पाळण्यात असताना पंढरीला देणग्या येत होत्या आणि देणाऱ्याचं नाव दगडावर घालायची रीत होती. त्याच्याही आधीचा, शके ११५९ चा, होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा लेख देवळात आहे, तो संस्कृत आणि कानडीतला. विठ्ठल कानडा की मराठा यावर वाद घालणारे घालोत, भीमाकाठचे दगड दोन्ही भाषा बोलतात. आजही आपल्या दिंडीत अक्कलकोटकडची मंडळी येतात, ती घरात कानडी बोलतात आणि अभंग मराठीत म्हणतात. कोणाचं काही अडत नाही.

तर देणगीदारांची नावं दगडावर घालणं हे काही पाप नाही. जुनी रीत आहे. ज्यांनी अकरा हजाराची गोष्ट काढली त्यांना एवढा आधार इतिहासात नक्की आहे. फक्त पुढं काय झालं तेही त्यांनी ध्यानात घ्यावं. त्या यादीतलं एक नाव आज कोणा वारकऱ्याला तोंडपाठ आहे का?

आता देवळातून बाहेर महाद्वारात या. तिथं दोन दगड समोरासमोर आहेत आणि आमच्या मते साऱ्या जिल्ह्यात यांच्याइतके बोलके दगड नाहीत. एक नामदेवरायांची पायरी आणि दुसरी चोखोबारायांची समाधी.

पायरीची कथा आपण कीर्तनात सांगतोच. नामदेवराय जातीनं शिंपी. साऱ्या भारतभर फिरले, पंजाबात घुमानला राहिले, शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. एवढा मोठा पुरुष, पण मागणं काय मागितलं? समाधी गाभाऱ्याजवळ नको, मंडपात नको. महाद्वाराच्या पहिल्या पायरीखाली द्या, म्हणजे आत जाणाऱ्या संतांचे पाय डोक्याला लागतील. शके १२७२ ला त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या घरची माणसंही त्यांच्याबरोबर गेली असं परंपरा सांगते. आज त्या पायरीवर पितळेचा पत्रा आहे, नामदेवरायांचा मुखवटा आहे, आणि कोणी तिच्यावर पाय देत नाही. आपण सगळे तिच्यावर डोकं टेकतो. त्यांनी मागितले पाय आणि आपण देतो डोकं! संताचं मागणंसुद्धा आपल्याच्यानं पुरं करवत नाही, एवढा आपला आदर.

आता चोखोबा. ते मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर होते. गावकूस म्हंजे काय ते नव्या पोरांना ठाऊक नसेल. गावाभोवती जी भिंत असायची ती. भिंतीच्या आत गाव आणि भिंतीच्या बाहेर महारवाडा. जी भिंत चोखोबांना गावाबाहेर ठेवत होती, ती भिंत बांधायला, डागडुजी करायला मात्र त्यांनाच बोलावणं यायचं. ती भिंत ढासळली आणि काम करणारी माणसं तिच्याखाली गाडली गेली. शके १२६०, वैशाख वद्य पंचमी. पुढं नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातली हाडं एकात एक मिसळलेली. त्यातली चोखोबांची कोणती? तर नामदेवराय एक एक अस्थी कानाला लावत गेले आणि ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती वेगळी काढली. ती पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

ही कथा आम्ही पस्तीस-चाळीस वर्षं कीर्तनात सांगतो. लोक डोळे पुसतात. पण कथेत जे येत नाही तेही सांगायला पाहिजे. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. बाकीची जी माणसं गेली त्यांची नावं कोणी ठेवली नाहीत. त्यांच्या हाडांना कोणी कान लावला नाही. ती मंगळवेढ्याच्या मातीतच मिळाली.

आणि दुसरी गोष्ट. नामदेवरायांनी मैत्राच्या प्रेमानं समाधी देवासमोर बांधली, स्वतःची पायरी होण्याच्या बारा वर्षं आधी. पण पुढच्या लोकांनी त्या समाधीचा उपयोग कसा केला? हद्दीच्या दगडासारखा केला. चोखोबांच्या जातीची माणसं इथपर्यंत येणार, समाधीशी माथा टेकणार, आणि इथूनच मागं फिरणार. आत जायचं नाही. जी खूण जवळ आणायला केली तीच अडवायला वापरली. सहाशे वर्षं हे चाललं. याच मंगळवेढ्यात दामाजीपंत होऊन गेले, दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली आणि बिदरच्या बादशहाकडं त्याची रक्कम भरायला देव स्वतः विठू महार होऊन गेला असं आपण भक्तिविजयाच्या आधारानं सांगतो. देवाला महाराचं रूप घेताना लाज वाटली नाही, बादशहाच्या दरबारात त्याला कोणी अडवलं नाही. आणि खुद्द देवाच्या दारात मात्र महाराला बंदी. हे आम्ही कीर्तनात बोलतो तवा काही मंडळी मान खाली घालतात, काही चुळबूळ करतात. बोललंच पाहिजे.

गाडगेबाबांनी हे ओळखलं. वारीला येणाऱ्या अस्पृश्य मंडळींना पंढरीत रात्री पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. बाबांनी १९२० साली चोखामेळा धर्मशाळा बांधली. बाबा स्वतः परीट, हातात खराटा, अंगावर चिंध्या, पण दगडमातीची कामं त्यांनी राजाला लाजवील अशी केली. आणि नाव दिलं ते चोखोबांचं, स्वतःचं नाही. १९४९ साली तीच धर्मशाळा त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण यावरचा आपला ग्रंथ १९४८ साली काढला तवा तो ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यात एक नाव चोखामेळ्याचं आहे. बाकीची दोन नंदनार आणि रविदास.

मग १९४७. सानेगुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं की विठ्ठलाचं दार सर्वांना मोकळं करा. मग १ मे पासून पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा तारखेला उपोषण सुटलं आणि पुढं दार उघडलं. पायरी आणि समाधी यांच्यात दहा-वीस पावलांचं अंतर आहे. ती पावलं चालायला सहा शतकं लागली.

मंगळवेढ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक खूण सांगतो. ती दगडाची नाही, झाडाची आहे. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या श्यामा नायकिणीची लेक. रूपाची कीर्ती ऐकून बादशहानं बोलावणं पाठवलं, ती पंढरीला पळून आली आणि देवाच्या पायाशी तिनं प्राण सोडला. तिला देवळाच्या आतच पुरलं आणि तिथं तरटीचं झाड उगवलं असं सांगतात. समाज जिला दारात उभी करत नव्हता तिची खूण देवळाच्या आत आहे. ना घराणं, ना दान, ना मागं नाव सांगायला कोणी. बायकांच्या नावाची खूण जिल्ह्यात शोधायला गेलं तर बोटावर मोजण्याइतक्या सापडतात.

आता अरण. माढा तालुक्यात, मोडनिंबाच्या जवळ. सावता महाराजांचं गाव. आम्ही शेतकरी, त्यामुळं आमचा जीव तिथं जरा जास्तच रमतो. सावतोबा माळी, मळ्यात काम करत राहिले. पंढरी काही लांब नव्हती, सकाळी निघालं तर दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन परत येता येईल एवढीच, तरी त्यांचं सारं भजन मळ्यातच. आमच्या गावची एक म्हातारी म्हणायची, पाण्याची पाळी सोडून कसा जाईल तो? आम्हाला हा अर्थ पटतो. ज्याच्या रानात पाटाला पाणी आहे आणि बारं द्यायला दुसरा माणूस नाही त्याला वारीची ओढ आणि रानाची ओढ यातली कुस्ती ठाऊक असते. दरवर्षी जेष्ठात पेरणी झाली की नाही याच्यावर आपल्या दिंडीतली डोकी मोजली जातात, हे काय आम्ही सांगायला पाहिजे?

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांनी देह ठेवला. ज्ञानोबांच्या समाधीच्या आदल्या वर्षी. जिथं कष्ट केले त्याच मळ्यात त्यांची समाधी आहे. आणि रीत अशी की साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीला देवाकडं जातात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीला देवाचीच पालखी पंढरीहून अरणला येते. काम करणाऱ्याच्या बांधावर देव येतो, हे आपल्या जिल्ह्यात नुसतं कथेत नाही, दरसाल रस्त्यावर दिसतं. एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. आज जे सदतीस अभंग आपल्याकडं आहेत ते त्यांच्यामुळं. माळ्यानं म्हणायचं आणि गुरवानं लिहायचं. काशिबा वही धरून बसले नसते तर अरणला समाधीचा दगड राहिला असता, बोल राहिले नसते.

मोठ्या ठिकाणांचं झालं. आता आपापल्या गावातल्या दगडांकडं वळा. मारुतीच्या देवळामागं, वेशीत, नाहीतर ओढ्याकाठी उभे दगड असतात, हात-दीड हात रुंद, कंबरेएवढे. कोणी म्हणतं म्हसोबा, कोणी विरोबा, कोणी नुसतंच देव. त्याला वीरगळ म्हणतात. वाचायची रीत सोपी आहे, त्याला अक्षरओळख लागत नाही. खालून वर वाचायचं. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस मेलेला किंवा लढताना दिसतो. पुष्कळदा बाजूला गाई असतात, म्हणजे गावची गुरं चोरांनी पळवली आणि ती सोडवताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो हात जोडून महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो. आपल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कोण होता, कुठल्या जातीचा होता, काही कळत नाही. गावानं एवढंच सांगितलं की आमची गुरं राखताना हा गेला.

दुसरा एक दगड असतो, त्यावर गाढव कोरलेलं असतं. त्याला गधेगाळ म्हणतात. पोरं हसतात, बायका नजर चुकवतात, कारण चित्र ओंगळ आहे. तो दगड म्हंजे शिवी आहे, दगडावर कोरलेली. राजानं एखादी जमीन देवाला किंवा कोणाला दान दिली, आणि ती जर पुढं कोणी हडप केली तर त्याला ही गाळ लागो, असा त्याचा अर्थ. वर पुन्हा चंद्र-सूर्य. त्या काळी जमिनीच्या कागदाला एवढी शिवी लागत होती, यावरून लोक किती सज्जन होते ते कळतं! बांध कोरणारे शेजारी तवाही होते.

हे दगड फुटतात. कोणी रस्त्याच्या भरावात टाकतं, कोणी पायाला वापरतं, कोणी गोठ्याच्या उंबऱ्याला लावतं. पालखी मार्ग आता चौपदरी झाला, चालायला सोय झाली, आम्ही त्याबद्दल नाराज नाही. पण रस्ता मोठा होताना कडेचं जुनं काय काय गेलं याची मोजदाद गावानं ठेवायची असते, ती सरकार ठेवणार नाही. आपल्या गावचे दोन वीरगळ शाळेजवळ उघड्यावर पडून आहेत. मंडळानं ते मारुतीच्या ओट्यावर नीट उभे करावेत, आणि कृपा करून ऑइलपेंट देऊ नये.

एक जात मात्र अशी आहे की जिच्या हातचे हे सगळे दगड, पण तिच्या नावाचा दगड आम्हाला कुठं दिसला नाही. ती म्हंजे वडार आणि पाथरवट मंडळी. चंद्रभागेचे घाट घ्या, महाद्वार घाट घ्या, पायऱ्या कोणी घडवल्या? देवळाचे खांब कोणी उभे केले? घाटाला बांधवून घेणाऱ्या सरदाराचं नाव लागतं, सावकाराचं लागतं. छिन्नी धरणाऱ्याचं लागत नाही. आता फरश्यांचा जमाना आला आहे. मठात, धर्मशाळेत, पायाखालच्या प्रत्येक फरशीवर कोणाचं तरी नाव असतं, स्मरणार्थ अमुक, स्मरणार्थ तमुक. नामदेवरायांना हवं होतं ते या लोकांना न मागता मिळालं, साऱ्या संतांचे पाय लागतात! पण ती फरशी बसवणारा गवंडी कोण, ते तिथंही नाही.

आता आपल्या दगडाचं बोलू.

आपली दिंडी शंभर वर्षांपूर्वीची, म्हणजे सानेगुरुजींच्या उपोषणाच्या वीस-बावीस वर्षं आधीची. त्या वीस-बावीस वर्षांत आपल्या दिंडीत कोण कोण चालत होतं? आम्ही वह्या मागून घेतल्या आणि नातवाकडून वाचून घेतल्या. विणेकऱ्याचं नाव आहे. पेटीत कोणी किती आणे टाकले ते आहे. कोणी पायली ज्वारी दिली, कोणी तेल दिलं, तेही आहे. आणि दरसाल शेवटी एक ओळ आहे, बाकी मंडळी अमुक असामी. ही बाकी मंडळी कोण? त्यात गाडीवान आहे, पाणी भरणारा आहे, मुक्कामाला चूल पेटवणाऱ्या बाया आहेत. आणि आमच्या वडिलांनी आम्हाला सांगितलेलं आहे की महारवाड्यातली पाच-सहा माणसं दिंडीच्या मागं चार हात अंतर ठेवून चालायची. गळ्यात माळ, हातात टाळ, अभंग तेच. वाखरीपर्यंत सगळे सारखेच दमायचे. पंढरीत आलं की दिंडी महाद्वारातून आत जायची, आणि ती मंडळी चोखोबांच्या समाधीशी बसून राहायची. दिंडी बाहेर आली की पुन्हा मागं चालू लागायची. वहीत त्यांचं नाव नाही. बाकी मंडळीत त्यांना धरलं होतं की नव्हतं हेही आकड्यावरून कळत नाही.

अकरा हजारवाल्यांची नावं घाला, आमची ना नाही, चौऱ्यांशीच्या दगडाचा तुम्हाला आधार आहे. मूळ घराण्यांची घाला, त्यांनी दिंडी उभी केली. पण आमचं म्हणणं असं की रक्कम दगडावर घालू नये, ती वहीत राहू द्या. आणि नावांची सुरुवात या पाच-सहा जणांपासून व्हावी. त्यांच्यामागं बाकी मंडळी: गाडीवान, पाणक्या, चूल पेटवणाऱ्या, तुळस वाहणाऱ्या. मग विणेकरी, मग देणगीदार. आणि खाली दगड घडवणाऱ्या वडार बंधूचं नाव, त्याच्याच हातानं कोरलेलं.

यात एक नाजूक गोष्ट आहे ती आम्ही झाकून ठेवत नाही. १९५६ नंतर त्या घरांतली बरीच मंडळी बौद्ध झाली. त्यांच्यातला एखादा म्हणेल, ज्या दिंडीनं आमच्या आज्याला मागं चालवलं तिच्या दगडावर आमच्या आज्याचं नाव कशाला? असं कोणी म्हटलं तर त्याचं म्हणणं खरं आहे आणि आपण वाद घालू नये. म्हणून त्यांच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, परवानगी विचारूनच नाव घालायचं. नको म्हणाले तर त्या ओळीची जागा कोरी सोडायची. दुसऱ्याचं नाव तिथं बसवायचं नाही. आम्ही दोन घरी जाऊन आलो. एका घरी विचार करून सांगतो म्हणाले. दुसऱ्या घरच्या म्हातारीनं आपल्या सासऱ्याचं नाव सांगितलं, आणि विचारलं की त्यांच्या बायकोचंही घालणार का, ती पण चालायची. ते नाव आम्ही लिहून घेतलं आहे.

बाकीच्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, कागदावर नाव आणि दिंडीतलं काम एवढं लिहून, येत्या कार्तिकी वद्य एकादशीच्या भजनाला देवळात आणून द्यावं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, आमचा नातू उतरून घेईल. दगड पौषात घडवायला द्यायचा आहे, तवा उशीर करू नका.